तीन पोत्यांची स्प्रिंग

१९ जानेवारी

ही वही पेंडीच्या कारखान्याकडून दर वर्षी फुकट येते. हवा कशी होती, बर्फ कसा होता आणि बर्फावर पट्ट्याने पळणारी माझी स्कूटर किती तास चालली, एवढंच मी हिच्यात लिहीत आलो. आज जरा जास्त लिहितो. हिवाळ्यातल्या अंधाराच्या सात आठवड्यांनी सूर्य उगवला, टेकडीमागून डोकं काढलं न काढलं तोच परत गेला. आणि जेवताना बायको, रिस्तेन, म्हणाली, या वसंतात रेनडिअरच्या कळपाबरोबर मीही येणार, तुझ्या मागच्या सीटवर बसून.

सहा वर्षांत ती आलेली नाही. आम्ही कळप घेऊन पठारावरून समुद्राकडे निघतो, ती भांडीकुंडी आणि पांघरुणं मोटारीत घालून रस्त्याने जाते. याला कारण माझी स्कूटर. सहा वर्षांपूर्वी वाटेत उतरून ती म्हणाली होती, तुझी स्कूटर माझ्या पाठीचे मणके एकेक करून मोजते. मला राग आला. मी म्हटलं, स्कूटरचा काय दोष, तू एकटी पेंडीच्या तीन पोत्यांएवढी, स्प्रिंगने करावं तरी काय. पोरांसमोर म्हटलं. तेव्हापासून ती माझ्या मागे बसली नाही.

म्हणजे आता राग गेला म्हणायचा. मी लगेच सांगून टाकलं, मागचं सगळं सस्पेन्शनच बदलतो, गादीवर बसल्यासारखं वाटेल. ती म्हणाली, "बघ बाबा, एप्रिलच्या आत होतंय का."

कालच ती त्रोम्सोहून आली, बहिणीकडून. शरदापासून ही चौथी खेप. दोघी बहिणींना या वयात एवढं काय बोलायचं असतं कोण जाणे. मी विचारलं नाही. तुमची जनावरं किती, असं आमच्यात कुणी कुणाला विचारत नाही. बाहेरचा माणूस विचारतो आणि आपण खिडकीबाहेर बघतो. ज्याला सांगायचं असतं तो आपणहून सांगतो. घरातही मी हेच पाळलं, आणि पस्तीस वर्षांत काही अडलं नाही.

२७ जानेवारी

सीमेपलीकडे काउकोकडे जाऊन आलो. त्याच्या अंगणात चाळीस-पन्नास मेलेल्या स्कूटरी आहेत आणि कुठल्या स्कूटरचं काय जिवंत आहे ते त्याला तोंडपाठ असतं. प्रवाशांना फिरवायची एक दोन सीटची स्कूटर त्याने दाखवली. कुणीतरी ती बर्चच्या झाडावर घातली होती. पुढून चेंदामेंदा, मागून नवीकोरी. मागचा सांगाडा लांब, दोन्ही स्प्रिंगा जाड पिळाच्या, शॉक अॅब्सॉर्बर कोरडे, थेंबभर तेल गळलेलं नाही. पट्टाही लांबीला बरोबर. वाळवलेलं मांस देऊन सगळं स्लेजवर चढवलं.

काउको फिनलंडचा माणूस, दिवसाला दहा शब्द बोलतो. त्यातले तीन त्याने विचारण्यात घालवले, मागे कोण बसणार. स्प्रिंग वजन बघून लावायची असते. मी म्हटलं, माझी बायको, पेंडीची तीन पोती, पंचवीस-पंचवीस किलोंची. तो हसला नाही.

६ फेब्रुवारी

आमचा सण. शाळेत पोरांनी गाणी म्हटली. नात सुन्ना चार वर्षांची, तिला शब्द येत नव्हते पण आवाज सगळ्यांत मोठा. रिस्तेनने निळा पोशाख घातला आणि वर नवा विणलेला कमरबंद. एरवी तिचा कमरबंद तीन वेढे घेतो, आज चार घेतले आणि तरी टोक गुडघ्यापर्यंत लोंबत होतं. मी म्हटलं, विणताना मोजायला विसरलीस की काय, यात दोन माणसं मावतील. ती म्हणाली, लोकर उरली होती.

सून माग्गा गाण्याच्या वेळी डोळे पुसत होती. एवढं रडण्यासारखं त्यात काही नव्हतं. दुकानातही दुकानदारीण मारितने माझ्या हातात पिशवी देताना हात जरा जास्त वेळ धरून ठेवला. लोकांना सणाला काय होतं कळत नाही.

११ फेब्रुवारी

जुना सांगाडा काढला. चार बोल्ट, पण वीस वर्षांचा गंज. दोन सुटले, दोन कापावे लागले. मुलगा योव्ना मदतीला आला तो तोंड चालवतच. "बाबा, लोक नवीन स्कूटर घेतात, तू एकीचं ढुंगण दुसरीला लावतोस." मी म्हटलं, तुझी आई या स्कूटरला ओळखते, नवीवर बसणार नाही. यावर त्याने मान खाली घातली आणि पाना शोधू लागला. पाना त्याच्या हातातच होता.

सीटखाली पट्टा फिरतो त्या पत्र्याच्या बोगद्यात नवी भोकं पाडायची आहेत, कारण नव्या सांगाड्याचे हात जुन्या भोकांना जुळत नाहीत. हे काम एकदाच करता येतं. भोक बोटभर इकडेतिकडे झालं तर पट्टा तिरका पळतो आणि स्वतःलाच खातो. तीन वेळा मापून खुणा केल्या. उद्या.

१२ फेब्रुवारी

डावीकडचं भोक अर्धं बोट मागे पडलं. कुणाचाही दोष नाही, माझ्या चष्म्याचा आहे. आतून पत्रा लावून बुजवलं, पुन्हा पाडलं. रिस्तेन मला गॅरेजमध्ये कॉफी घेऊन आली, स्वतः प्यायली नाही. महिनाभर ती कॉफीला तोंड लावत नाही, नव्या पाकिटाला वास येतो म्हणते. मला तर काही येत नाही. ती बराच वेळ पेटीवर बसून माझं काम बघत राहिली. तिला पूर्वी स्कूटरच्या तेलाचा वाससुद्धा सहन व्हायचा नाही. मला बरं वाटलं.

२० फेब्रुवारी

जमलं. सांगाडा बसला, पट्टा सरळ पळतो. मी पुढे बसलो, मागच्या सीटवर पेंडीची तीन पोती ठेवली, योव्नाने माप घेतलं. मागचा भाग बरोबर चार बोटं खाली बसला. चार बोटं म्हणजे उत्तम. कमी बसला तर पाठीला हादरे, जास्त बसला तर खड्ड्यात आपटतो. योव्नाही म्हणाला, म्हाताऱ्याला अजून येतं.

मग रिस्तेनला हाक मारली. ती कातडी कोट घालून आली आणि मागे बसली. दोन बोटं. मी म्हटलं, नीट टेकून बस. ती म्हणाली, टेकूनच बसलेय. पुन्हा माप घेतलं. दोनच.

थंडीमुळे असेल. उणे तीस होतं, ग्रीस दगड झालेलं असणार.

२३ फेब्रुवारी

स्कूटर रात्रभर गॅरेजच्या उबेत ठेवली. सकाळी पोत्यांना चार बोटं, रिस्तेनला दोन. स्प्रिंगची खाच सगळ्यांत मऊ ठिकाणी फिरवली. तिला अडीच.

काउकोला फोन करून चांगला फैलावर घेतला. म्हटलं, तुझ्या स्प्रिंगांना अक्कल नाही, मेलेलं वजन ओळखतात, जिवंत माणूस ओळखत नाहीत.  तो म्हणाला, "तिला बसवून बघितलंस?" मी म्हटलं, चार वेळा. मग गप्प. फोन तुटला असं वाटलं मला. शेवटी म्हणाला, मऊ स्प्रिंगा पाठवतो. चूक होती म्हणूनच ना. उगाच कोण पाठवतं.

३ मार्च

कोंडवाड्यात कळप आला होता. रिस्तेनने सगळ्यांसमोर सांगितलं, माझ्या माद्यांच्या कानांवर सुन्नाच्या मालकीची खूण करा. मोठ्या जनावरांचे कान पुन्हा कापायचे, तेही मार्चमध्ये. मी म्हटलं, पोर चार वर्षांची आहे, एवढी कसली घाई, उन्हाळ्यात पाडसांना करू. ती म्हणाली, मला बघायचंय. मी म्हटलं, उन्हाळ्यात बघ की. लोक जमिनीकडे बघत उभे राहिले. योव्नाने सुरी काढली आणि कामाला लागला. माझ्या घरात माझंच कुणी ऐकत नाही.

ती कुंपणाला टेकून उभी होती आणि प्रत्येक कानाला मान हलवत होती. तिची माणसं, तिची जनावरं, तिचा हक्क. पण मला न विचारता केलं याचं वाईट वाटलं. घरी येताना मी बोललो नाही.

८ मार्च

अबोला संपला. तिने सुन्नासाठी कातडी बूट शिवायला घेतलेत, एक जोडी नाही, पाच. प्रत्येक जोडी आधीच्यापेक्षा मोठी. शेवटची तर माग्गाच्या पायात जाईल. मी म्हटलं, पोरीला पाय किती आहेत. ती हसली, खूप हसली, आणि मग खोकत बसली.

१२ मार्च

काउकोच्या मऊ स्प्रिंगा आल्या. सोबत काही मागणं नाही, चिठ्ठी नाही. बसवल्या. तीन पोती ठेवली तर मागचा भाग खालीच टेकला. फारच मऊ. रिस्तेनला बोलावलं, बसवलं. चार बोटं.

ती आत गेली. मी पोत्यांकडे बघत राहिलो. मग एक पोतं खाली उतरवलं. दोन राहिली. पुढे बसलो आणि योव्नाला माप घ्यायला सांगितलं.

चार बोटं.

योव्ना म्हणाला, "बाबा." एवढंच म्हणाला. त्याला माहीत होतं. मी त्याला घरी जायला सांगितलं.

१४ मार्च

काल काही लिहिलं नाही. आज लिहितो.

बाराला संध्याकाळपर्यंत मी गॅरेजमध्येच होतो. उतरवलेलं पोतं मांडीवर घेऊन बसलो होतो, हे कुणी पाहिलं नाही ते बरं. पंचवीस किलो. एवढी रिस्तेन कुठेतरी गेली होती आणि मी स्प्रिंगला शिव्या देत होतो. कमरबंदाचा चौथा वेढा मी पाहिला होता. कॉफी पाहिली होती. कानांच्या खुणा, पाच जोड बूट, सगळं या वहीत माझ्याच हाताने लिहिलेलं आहे. मागची पानं चाळली आणि मला माझी शरम वाटली.

आत गेलो. ती दिव्याखाली बूट शिवत होती. मी समोर बसलो. सगळा जन्म जे कुणाला विचारलं नाही ते विचारलं.

"किती?"

तिने सुई थांबवली. "असं विचारतात का कुणाला?"

"नाही विचारत."

"मग?"

"मी विचारतोय, रिस्तेन."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग शिवणीकडे बघून हळू म्हणाली, "पाडसं होईपर्यंत आहे. त्यांचे कान कापायच्या वेळी बहुतेक नाही."

पाडसं मे महिन्यात होतात. कान जुलैत. मी बोटांवर मोजलं, तिने मला मोजताना पाहिलं.

मग तिने सगळं सांगितलं. बहीण होतीच, पण त्रोम्सोला ती डॉक्टरकडे जात होती. पोटात सुरू झालं, आता सगळीकडे आहे. योव्नाला, माग्गाला सांगितलं होतं, मला नाही. मी म्हटलं, गावातल्या दुकानदारणीला माहीत आणि मला नाही. ती म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर तू ही स्कूटर केलीच नसतीस. मला पांघरुणात गुंडाळून मोटारीत ठेवलं असतंस, अंडं ठेवावं तसं. ऐक इस्सात, मला कळपामागून जायचंय. एकदा."

डॉक्टर काय म्हणतात विचारलं. मोटारीनेही जाऊ नका म्हणतात. मग मी सहा वर्षं घशात अडकलेलं बोललो. तीन पोत्यांचं म्हणालो होतो ते चुकलं माझं, असं म्हटलं. ती म्हणाली, "होतेच की मी तीन पोती. चांगली गच्च भरलेली." आणि पुन्हा सुई ओवायला लागली, पण दोरा काही सुईत जाईना, म्हणून मी ओवून दिला. चष्म्याशिवाय ओवला.

२ एप्रिल

योव्नाशी भांडण. तो म्हणतो, चार दिवसांची वाट, दरीतले उतार, तू तिला रस्त्यातच मारशील. मी म्हटलं, तिने ठरवलंय. तो म्हणाला, आणि तू?  रोज सकाळी मला वाटतं, तिला इथेच झोपवून ठेवावं, जुलैही येईल, पुढचा मार्चही येईल. आणि रोज संध्याकाळी मी गॅरेजमध्ये जाऊन एखादा बोल्ट घट्ट करतो. भीती वाटते. दुसरं काही नाही, भीतीच.

सीटवर कातड्यांचे तीन थर शिवले. पाठीला टेकायला मागे लाकडी आडवं बसवलं. दोन पोती बांधून नदीवर वीस किलोमीटर चालवलं, मुद्दाम वाईट बर्फावरून. पोत्यांवर पाण्याने भरलेला पेला ठेवायचा विचार होता, तो वेडेपणा वाटला. मग ठेवलाच. अर्धा सांडला.

१९ एप्रिल

निघालो. दिवसा बर्फ मऊ होतो, म्हणून ऊन उतरल्यावर, वरचं कवच गोठलं की कळप चालतो. पुढे योव्ना स्कूटरमागे एक माणसाळलेला नर बांधून, मागे कळप, त्याच्या मागे आम्ही. निघताना तिने तो लांब कमरबंद सोडला, माझ्या पोटावरून फिरवला, स्वतःभोवती घेतला आणि बाजूला गाठ मारली. दोन माणसं मावली. तेव्हा कळलं की लोकर उरलेली नव्हती.

योव्ना मागे आला आणि न सांगता खाली वाकून माप घेतलं. माझ्याकडे बघून मान हलवली. चार.

२१ एप्रिल

वाट चांगली. दरीच्या उताराला मी पायी चालण्याइतक्या वेगाने घेतलं. तिचं डोकं माझ्या पाठीवर होतं. मध्येच मी हाक मारायचो, ती गाठ ओढून उत्तर द्यायची. एकदा ओढली नाही. मी इंजिन बंद केलं आणि मान वळवून बघितलं. ती झोपली होती. जागी होऊन म्हणाली, "थांबलास का? आता कुठे गादीवर बसल्यासारखं वाटत होतं."

इंजिन बंद असल्यामुळे कळपाचा आवाज ऐकू आला. चालताना जनावरांच्या पायांत कट्-कट् वाजतं तो. हजार पायांचा. ती डोळे मिटून ऐकत होती. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही, तशीही तिला माझी पाठच दिसत होती.

२३ एप्रिल

खिंडीतून समुद्र दिसला. तिने कॉफी मागितली. दोन घोट घेतले. म्हणाली, पाकीट बदललंस वाटतं. पाकीट तेच होतं.

१६ मे

पहिलं पाडस. तिच्या मादीचं, म्हणजे आता सुन्नाच्या मादीचं. रिस्तेनला खिडकीशी बसवलं होतं, दुर्बीण मी धरली. काळं आहे, पायांवर पांढरं. तिने खूप वेळ पाहिलं.

२९ जून

आज पहाटे. झोपेत. योव्ना, माग्गा आणि मी होतो.

लिहायला काही नाही. उचलताना दोन पोतीही नव्हती.

१३ जुलै

पाडसांचे कान कापले. सुन्नाने पहिल्यांदा सुरी धरली, तिच्या हातावर माझा हात होता. पहिल्या जोडीतले बूट घालून आली होती, उन्हाळ्यात, कुणाचं ऐकेना. आम्ही ऐकवलंही नाही.

९ नोव्हेंबर

परत पठारावर. बर्फ टिकला. कळपाला रोज पेंड घालतोय.

योव्नाने आज शेवटी विचारलंच. स्लेजवरची सगळी पोती मी कळपाला रिकामी करतो, पण मागच्या सीटवर बांधलेली दोन पोती रोज तशीच घरी परत येतात. त्याला वाटलं मी विसरतो. म्हणाला, बाबा, ती उतरव तरी, नाहीतर जुन्या कडक स्प्रिंगा घाल, भिंतीला टांगल्यात त्या. मी येऊन अर्ध्या दिवसात बदलून देतो.

मी त्याला समजावून सांगितलं. ही स्प्रिंग तेवढ्या वजनाला लावलेली आहे. मागे वजन नसलं तर मागचा भाग उंच राहतो, पट्टा बर्फ नीट धरत नाही, स्कूटर भरकटते. ज्याला स्कूटरमधलं कळतं तो कुणीही हेच सांगेल.

त्याने पुढे विचारलं नाही. पोती कशाने आणि किती वेढ्यांनी बांधली आहेत तेही त्याने पाहिलं आणि त्याबद्दलही विचारलं नाही. शहाणा आहे.

हवा उणे अकरा. बर्फ कोरडा. स्कूटर साडेतीन तास चालली. मागचा भाग चार बोटं खाली.